एकशेवीस तास

प्रत्येक कॉलेजात एक तरी प्राध्यापक असा असतो, की ज्याला 'नाही' हा शब्द वेळेवर आठवत नाही. त्याच्याकडे आधी सहलीचा हिशोब येतो. मग गॅदरिंगच्या खुर्च्या मोजून परत करण्याचं काम येतं. मग ऐन परीक्षेत आजारी पडलेल्या सहकाऱ्याची सुपरव्हिजन येते. असा तो सगळ्या बाजूंनी नीट शिजला, की एके दिवशी प्राचार्य त्याला केबिनमध्ये बोलावतात, स्वतः उठून पंखा वाढवतात, चहा मागवतात आणि म्हणतात, "राष्ट्रीय सेवा योजनेसाठी तुमच्याइतका योग्य माणूस मला दुसरा दिसत नाही." प्राचार्यांनी दुसरीकडे बघितलेलंच नसतं, हे चहा संपल्यावर लक्षात येतं.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात मी ही योजना दोन हप्त्यांत मिळून सात वर्षं चालवली. नेमणूक तशी तीन वर्षांची असते. पण वधूने वरमाला घेऊन उभं राहावं आणि समोरच्या माना एकेक करून मागे सराव्यात, तसा प्रकार दर तीन वर्षांनी स्टाफरूममध्ये होतो. कोणाची कंबर दुखू लागते, कोणाची पीएच.डी. अचानक शेवटच्या टप्प्यात येते. शेवटी माळ जुन्याच गळ्यात पडते. ह्या पदाला अधिकृत भाषेत 'कार्यक्रम अधिकारी' म्हणतात. अधिकारी ह्या शब्दाला कोणी भुलू नये. ज्या अधिकाऱ्याला पोरांच्या भातासाठी मोठा टोप मागायला गावच्या उत्सव मंडळाच्या खजिनदाराकडे तीन हेलपाटे घालावे लागतात, त्याचा अधिकार किती असेल ते समजून घ्यावं. आमच्या घरी तर ह्या पदाचा उल्लेख 'ते तुमचं घमेल्यांचं खातं' असाच होत असे.

योजना मात्र मोठ्या घरची आहे हं! स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग बसला. विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रसेवा करावी, असं त्याने सुचवलं. मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणे त्या सूचनेवर वीसेक वर्षं विचार झाला, आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २४ सप्टेंबर १९६९ रोजी, त्या वेळचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ४० हजार विद्यार्थी होते. बोधचिन्ह म्हणून कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक घेतलं. त्या चाकाला आठ आरे आहेत. आठ आरे म्हणजे आठ प्रहर, म्हणजे स्वयंसेवक चोवीस तास सेवेला तयार. शिबिरात पहाटे साडेपाचला मुलांना उठवताना मला हे चाक फार आठवायचं. सात प्रहरांबद्दल माझी तक्रार नव्हती, हा आठवा आरा मात्र आमच्या युनिटात कायम निखळलेला असे.

ब्रीदवाक्य होतं 'नॉट मी, बट यू'. माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी, असा त्याचा उदात्त अर्थ. मुलांनी त्याचा सोपा अर्थ काढला होता. श्रमदानात फावडं फिरत फिरत आपल्यापाशी आलं, की ते शेजाऱ्याच्या हातात देत म्हणायचं, "नॉट मी, बट यू!"

आता हिशोबाकडे येऊ, कारण सगळी योजना हिशोबावर उभी आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचं. त्यातले २० तास ओळख आणि बौद्धिकाचे, उरलेले १०० प्रत्यक्ष सेवेचे. असं दोन वर्षं केलं की होतात २४० तास, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबीर. ते पुरं केलं की प्रमाणपत्र, आणि मुंबई विद्यापीठाच्या हिशोबात दहा गुण. २४० तासांचे दिवस केले तर बरोबर दहा भरतात. दिवसाला एक गुण! रोजगार हमीवरसुद्धा इतका चोख हिशोब बघायला मिळत नाही.

जून-जुलैत नावनोंदणी व्हायची. फॉर्ममध्ये एक प्रश्न असे: 'आपणांस या योजनेत का सहभागी व्हावेसे वाटते?' शंभर मुलं, आणि शंभरांचं उत्तर एकच: 'समाजाचे ऋण फेडण्यासाठी'. त्यातल्या साठांनी 'रूण' लिहिलेलं असे, त्यामुळे पहिला फॉर्म कोणी भरला आणि बाकीच्यांनी कुठे बसून उतरवला, हे वर्गवारीने सांगता येई. फॉर्म देऊन झाला की त्यातला एखादा दाराशी घुटमळायचा. "सर, ते दहा मार्क सगळ्यांनाच मिळतात, की नापास होणाऱ्यालाच?" एक आई मुद्दाम भेटायला आल्या होत्या. म्हणाल्या, "सर, पोरगा नाजूक आहे. त्याला सेवा द्या, पण सावलीतली द्या."

ह्या दहा गुणांना नावं ठेवणारे विद्वान मी पुष्कळ ऐकले आहेत. सेवेला मोल लावलं म्हणून ते हळहळतात. ह्यांच्या स्वतःच्या भाषणाचं मानधन पाकिटात घातलेलं असतं. पण आमच्याकडे येणारी मुलं कुठून येतात ते पाहावं. कोणी पहाटे बंदरावर बापाबरोबर मासळीच्या टोपल्या उतरवून, अंग धुऊन पहिल्या एसटीने येतं. कोणी वाडीला पाणी लावून येतं. दोन विषयांत चार-चार गुण कमी पडून ज्याचं वर्ष जाणार, त्याला दहा गुण म्हणजे काय हे विद्वानांना कळायचं नाही. त्यामुळे मी ते गुण देताना हात कधी आखडला नाही. मुलं मात्र तास मोजताना सोनाराला लाजवत.

त्यात २०१७ साली आलेला एक मुलगा सर्वांवर ताण होता. त्याचं नाव सांगत नाही, आणि सांगूनही उपयोग नाही, कारण कॉलेजात सगळे त्याला घड्याळ्या म्हणत. मनगटावर काकाने दुबईहून आणलेलं भलंमोठं घड्याळ, आणि खिशात छोटी वही. प्रभातफेरी झाली की हा शिट्टी वाजवणाऱ्या पंचासारखा घड्याळाकडे बघे आणि म्हणे, "सर, एक तास वीस मिनिटं." मी म्हणायचो, "अरे, एक लिही." "वीस मिनिटांचं काय, सर?" ती वीस-वीस मिनिटं तो साठवून ठेवी आणि महिन्याच्या शेवटी त्यांचे तास करून आणी. पाहुणे उशिरा आले तर वाट बघण्याचा वेळ सेवेत धरायचा की नाही, हा प्रश्न त्याने मला लेखी विचारला होता. मी तो वर पाठवला. वरून अजून उत्तर यायचं आहे.

पण तास मोजणारी मुलं एकटी नव्हेत. वरची कचेरीही मोजतेच. फक्त वरचं घड्याळ आणि किनाऱ्यावरचं घड्याळ वेगवेगळं चालतं. हे मला माझ्या पहिल्या हप्त्यात, २००९ साली नीट कळलं.

सप्टेंबरातला तिसरा शनिवार हा जगभर किनारा स्वच्छतेचा दिवस म्हणून पाळतात. त्या वर्षी तो १९ तारखेला आला आणि त्याच दिवशी घटस्थापना होती. वरून छापील परिपत्रक आलं: किनारा स्वच्छता, सकाळी ११ ते दुपारी १, सोबत छायाचित्र जोडावे. आम्ही शंभर पिशव्या, शंभर हातमोजे आणि एक बॅनर घेऊन अकराच्या ठोक्याला किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनाखाली एक म्हातारे तांडेल जाळं विणत बसले होते. त्यांनी आमचं सैन्य बघितलं, बॅनर वाचला, आणि शांतपणे विचारलं,

"सर, तीथ कनची हाय आज?"

म्हटलं, "पहिली. आज घट बसले ना."

"मंग पाऊन वाजता भरती. पानी पार सुरूंना लागंल. तुमी काय कचरा पान्यान बुरून काढनार?"

मग त्यांनी मला ते गणित सांगितलं, जे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोराला येतं आणि मुंबईहून येणाऱ्या परिपत्रकाला येत नाही. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, प्रतिपदेला पाऊण. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. त्यातून अमावास्या नुकतीच सरलेली, म्हणजे उधाणाचं पाणी. आम्ही बोलतो आहोत तोवर लाटा बॅनरच्या काठीपर्यंत आल्या. परिपत्रकाप्रमाणे जो किनारा स्वच्छ करायचा होता, तो समुद्राने ठरल्या वेळी झाकून ठेवला.

घड्याळवाली पिढी त्या वेळीही होतीच. एकजण म्हणाला, "सर, आम्ही आलो होतो ना? मग दोन तास धरा." तांडेल हसले. "साडेचारला या. पानी उतरलेला असल." आम्ही साडेचारला गेलो. ओहोटीने अख्खा किनारा उघडा करून ठेवला होता आणि त्यावर माणसाने समुद्राला दिलेलं सगळं परत मांडलं होतं. थर्माकोलची ताटं, बाटल्या, दुधाच्या पिशव्या आणि चपला. चपला नेहमी एकेकटीच का वाहून येते आणि तिची जोडीदारीण कुठे जाते, ह्यावर संशोधनाला वाव आहे. अंधार पडेपर्यंत आम्ही पिशव्या भरल्या. तांडेलही जाळं ठेवून आमच्यात येऊन वाकले. मी म्हटलं, "काका, तुम्ही कशाला?" तर म्हणाले, "दर्या कुनाचा काय ठेवत नाय. आज तुमी उचलाल, उद्या परत येल. उद्या तुमी थोरीच हायसा?"

अहवालात मी वेळ साडेचार ते सात लिहिली. परिपत्रकात अकराची वेळ असताना बदल कोणाच्या परवानगीने केला, अशी विचारणा आली. 'चंद्राच्या' असं लिहिण्याचा मोह मी आवरला.

शिबिराची गोष्ट ह्याहून मोठी. सात दिवस कॉलेज उचलून गावात न्यायचं. गाव ठरवायचं, ग्रामपंचायतीचा ठराव घ्यायचा, शाळेच्या खोल्या मागायच्या. रेवदंड्याच्या खाडीपुलावरून साळावला उतरलं, की मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्याला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर अशी गावं लागतात. माडा-पोफळींच्या वाड्या, कौलारू घरं आणि मागे डोंगरातून येणारे ओढे. त्यातल्या एका गावात २०१८ च्या डिसेंबरात आमचं शिबीर होतं. घड्याळ्या तेव्हा एसवायला होता आणि साठवलेल्या मिनिटांसकट त्याचे तास जवळजवळ भरले होते.

शिबिराचा दिवस ठरलेला असतो. पहाटे प्रार्थना, मग पोहे किंवा उपमा, सात ते अकरा श्रमदान, जेवण, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गावात सर्वेक्षण, रात्री करमणूक. बौद्धिक दुपारी अडीचला ठेवण्याची कल्पना कोणाची, ते मला सापडलेलं नाही. चार तास दगडमाती उचललेली, भात-आमटी पोटभर खाल्लेली पन्नास मुलं सतरंजीवर बसवायची आणि त्यांना 'युवकांनो, जागे व्हा' ह्या विषयावर ऐकवायचं. पाहुणे बहुधा विनोबांपासून सुरुवात करतात, कारण विनोबांचं जन्मगाव गागोदे हे ह्याच जिल्ह्यात, पेण तालुक्यात. विनोबा गागोद्याहून निघून भूदानापर्यंत पोचेस्तोवर मागच्या दोन रांगा समाधीत गेलेल्या असत.

फक्त एक बौद्धिक असं झालं, की एकही मान कलली नाही. ठरलेले पाहुणे आलेच नाहीत. गावातले एक म्हातारे शेतकरी काठी टेकत आले आणि बसून बोलू लागले. त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेली चरीच्या संपाची गोष्ट. अलिबाग तालुक्यातल्या चरीला १९३३ साली कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील पुढारी. खोताला हवा तेवढा वाटा द्यायचा नाही, त्यापेक्षा जमीन कसायचीच नाही, असं ठरलं. आणि १९३९ पर्यंत, सहा वर्षं, आगरी शेतकऱ्यांनी शेतं पडीक ठेवली. डोंगरातली लाकडं विकली, मासे मारले, उपास काढले. त्यातून पुढे कूळकायद्याची वाट निघाली. म्हातारे थांबले तेव्हा सगळे गप्प होते. घड्याळ्याने वही काढलेली होती, पण तो तास लिहीत नव्हता. सहा वर्षांचे तास करून बघत होता. बावन्न हजारांच्या वर आकडा आला तेव्हा त्याने वही मिटली.

श्रमदानाचं काम होतं बंधाऱ्याचं. वनराई बंधारा म्हणतात तो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं सुतळीने शिवायची आणि ओढ्यात विटांसारख्या सांधेमोड करून रचायच्या. ना सिमेंट, ना सळी. खर्च काय तो घामाचा. रायगडात पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि एप्रिलात बाया हंडे घेऊन फिरतात. डोंगर उतरता, समुद्र जवळ. पाण्याला थांबायला फुरसत नाही. पावसाळ्यानंतर ओढा बारीक वाहत असतो तेव्हा त्याला अडवला, तर ते पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरीला थोडे दिवस जास्त मिळतात. योजना एवढीच.

बंधारा कुठे बांधायचा ह्यावर मात्र परिषद भरली. गावच्या एका पुढाऱ्यांचं मत, की तो रस्त्यालगतच्या मोरीपाशी असावा, म्हणजे उद्घाटनाला साहेबांची गाडी थेट येईल आणि फोटोत बॅनर नीट दिसेल. शाळेसमोरच्या वाडीतल्या आजी हे ऐकत होत्या. सत्तरी उलटलेल्या, नऊवारी काष्टा, हातात सुपारी सोलायची अडकित्तीवजा सुरी. शिबिराच्या स्वयंपाकाचं पाणी त्यांच्याच विहिरीतून येत असे, त्यामुळे त्यांना बोलण्याचा हक्क होता. त्या म्हणाल्या, "पानी काय फोटोला थांबनार हाय? वर आंब्याखाली कातल हाय, तिथं बांधा. तिथं मुरंल ता माज्या हिरीन येल, आन खालच्या पारयानपन जाईल." वर आंब्याखाली जायला पायवाट नव्हती. गोण्या खांद्यावरून न्याव्या लागणार होत्या. मुलांनी माझ्याकडे बघितलं. मी आजींकडे बघितलं. बंधारा आंब्याखाली झाला. साहेब उद्घाटनाला आले, पायवाट पाहिली आणि मोरीपाशीच नारळ फोडून गेले.

पाच दिवसांत साडेचारशे गोण्या रचल्या. घड्याळ्या दर तासाला आकडा सांगे. तिसऱ्या दिवशी आजी गुळाचा चहा घेऊन वर आल्या आणि त्यांनी त्याला पकडलं. "ये रं पोरा, सारखं घर्याल कनाला बघतस? गारी चुकनार काय तुजी?"

तो म्हणाला, "आजी, आम्हाला तास लिहावे लागतात. दिवसाला चार."

"आन पाचवा केलास तं?"

"तो धरत नाहीत."

आजींना हे काही केल्या समजेना. पाचवा तास केला तर तो जातो कुठे? मुलं हसली. पण त्या बाईंनी सात दिवस आमचं पाणी शेंदू दिलं होतं, रोज दोन पायली तांदूळ निवडून दिला होता, दोन मुलींना ताप आला तर आपल्या घरात नेऊन झोपवलं होतं आणि रात्री शाळेच्या पडवीत कंदील ठेवला होता. ह्याची नोंद करायला आमच्याकडे वही नव्हती. गावाचे तास धरायचा रकानाच योजनेत नाही. सेवा आम्ही करतो आणि गाव घेतं, असं गृहीत आहे. शिबिराच्या शेवटच्या रात्री गावाने आम्हाला वालाची बिरडी, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असं जेवण घातलं. अहवालात त्याची नोंद 'ग्रामस्थांचे सहकार्य लाभले' अशी होते.

पुढच्या एप्रिलात त्या गावच्या एका मुलीबरोबर आजींचा निरोप आला. "सरांना सांग, बंधारा वाहून गेला तरी चालंल, हिरीन पानी हाय. औंदा पंधरा दिस जास्त चाललं." पंधरा दिवसांचे तास किती, ते मी कोणाला विचारलं नाही.

त्या वर्षी घड्याळ्याचे २४० तास पुरे झाले. प्रमाणपत्र मिळालं, गुण मिळाले. वही त्याने मला परत आणून दिली. "सर, माझ्या नावावर आता काही बाकी नाही ना?" मी म्हटलं, "नाही. सुटलास."

मग २०२० साल आलं. मार्चात कॉलेज बंद झालं, परीक्षा लांबल्या, आणि ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर येऊन आदळलं. त्या दिवसाचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना नको असतं, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना खरं वाटत नाही. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. टॉवर पडले, फोन मेले. तिसऱ्या दिवशी रस्ता थोडा मोकळा झाला तसा मी स्कूटर काढून त्या गावाकडे निघालो. साळावच्या पुढे सगळा प्रवास आडव्या झाडांतून वाट काढत.

आजींची वाडी ओळखू येईना. दीडशे पोफळींतल्या वीस-बावीस उभ्या होत्या. बाकीच्या कमरेत मोडून एकमेकींवर पडल्या होत्या. माड मुळासकट उपटलेले. घराची अर्धी कौलं वाडीत. आणि त्या पसाऱ्यात, तोंडाला रुमाल बांधलेली दहा-अकरा मुलं कोयते आणि करवती घेऊन खोडं तोडत होती. त्यात माझी आजची मुलं होती, मागच्या वर्षीची होती, आणि घड्याळ्या होता. टीवायची परीक्षा होणार की नाही ते कोणालाच ठाऊक नव्हतं. सेवेचे गुण तर केव्हाच मिळून गेलेले.

मी विचारलं, "तुम्हाला कोणी बोलावलं?" आणि विचारताच प्रश्नातला वेडेपणा लक्षात आला. फोन बंद. एसटी बंद. कॉलेज बंद. कोण बोलावणार? प्रत्येकजण आपल्याआपल्या घरचे पत्रे गोळा करून, ह्या गावात काय झालं असेल म्हणून निघाला होता, आणि इथे एकमेकांना भेटला होता. घड्याळ्या ज्या वाटेने आला ती बारा किलोमीटरची, आणि तो चालत आला होता.

पाऊस तोंडावर होता, म्हणून आधी घरावर ताडपत्री पडली. मग विहिरीत पडलेल्या झावळ्या निघाल्या. मग वाट. दुपारी आजींनी पडलेल्या माडांची शहाळी आणून दिली. "प्या रं," म्हणाल्या, "आता विकायची कुनाला?" एकाने विचारलं, किती वाजले. कोणालाच सांगता येईना. घड्याळ्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. म्हणाला, करवतीत अडकतं म्हणून घरी ठेवलं.

आजी काठीने एकेक बुंधा टोचत वाडीतून फिरत होत्या. मला वाटलं रडतील. त्या मोजत होत्या. फिरून झाल्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या पावसान रोपं लावते. सात वर्सांनी धरतील." बाईंचं वय तेव्हा पंचाहत्तरच्या घरात. सात वर्षांचा हिशोब त्यांनी असा सांगितला, जसा आपण सातच्या एसटीचा सांगतो. मुलं हातातलं शहाळं तसंच धरून ऐकत राहिली. मग घड्याळ्याने शहाळं खाली ठेवलं आणि विचारलं, "आजी, खड्डे कुठे कुठे पाहिजेत?"

पुढे जुलैत मुलं दोनदा परत गेली आणि रोपं लावून आली, असं मला कळलं. मी हजर नव्हतो, सही केली नाही.

ऑगस्टात वीज-फोन सुरळीत झाल्यावर वरून एक तक्ता आला. निसर्ग वादळातील मदतकार्य: युनिटचे नाव, स्वयंसेवकांची संख्या, एकूण सेवातास. मी घड्याळ्याला फोन लावला. म्हटलं, तुझ्याइतका पक्का हिशोब कोणाकडे असणार? "तुम्ही सगळ्यांनी मिळून किती तास केले रे?"

तिकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाला, "सर, लिहिले नाहीत हो. लिहा काहीतरी."

ज्याने वीस मिनिटं सोडली नाहीत, तो मला सांगत होता, लिहा काहीतरी! मी तक्त्यात संख्या लिहिली आणि तासांच्या रकान्यात 'मोजले नाहीत' असं लिहून पाठवून दिलं. आठवड्यात तक्ता परत आला. त्या रकान्यात फक्त आकडा चालतो, शब्द चालत नाहीत, तरी दुरुस्ती करून पाठवावे.

तो तक्ता अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. दुरुस्ती केलेली नाही. मुदत संपल्यावर खातं मी ज्यांच्या गळ्यात घातलं, त्या सरांना मी जाताना घमेली मोजून दिली, फावडी मोजून दिली, बॅनर दिला आणि तो रकाना दाखवला. त्यांनी विचारलं, "ह्यात काय भरायचं?"

म्हटलं, "तीथ बघा, आणि पाऊणपट करा."